चांद्याचे ऊन आणि डोईवरची सावली



आमच्या भागात उन्हाळ्यात पाहुणा आला, की पहिल्या दिवशी तो उन्हाची तक्रार करतो, दुसऱ्या दिवशी गप्प बसतो आणि तिसऱ्या दिवशी बाजारात जाऊन डोक्यावर घ्यायला काहीतरी विकत आणतो. हे ‘काहीतरी’ म्हणजे काय असावे, यावर आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय साधा वाटेल. टोपीसारख्या वस्तूचा इतिहास तो काय, असेही कुणी म्हणेल. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात जो माणूस एप्रिल-मेमध्ये पोटासाठी बाहेर पडतो, त्याच्या दृष्टीने ही वस्तू शोभेची नाही.

आधी उन्हाचे माप घेऊ. चंद्रपूरला २ जून २००७ रोजी पारा ४९ अंश सेल्सिअसवर गेला होता. मे २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात तो पुन्हा ४८ पर्यंत पोचला. ब्रह्मपुरीही फारशी मागे राहत नाही. आता शिक्षक बंधुभगिनींनी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी, की हा आकडा सावलीतला असतो. झरोक्यांची पांढरी पेटी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात आणि त्या पेटीतला तापमापक हवेची उष्णता सांगतो. तेंदूची पाने तोडणारी बाई काही त्या पेटीत बसलेली नसते. तिच्या अंगावर हवेची उष्णता तर येतेच, वर सरळ ऊनही पडते. स्वच्छ आकाशाच्या भर दुपारी एका चौरस मीटर जागेवर सुमारे एक हजार वॅट एवढे ऊन पडते. विजेची इस्त्री चालू असताना जेवढी उष्णता देते, जवळजवळ तेवढेच.

आणखी एक गंमत आहे. आपले चंद्रपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ बरोबर वीस अंशांवर आहे. त्यामुळे २०-२१ मेच्या सुमारास सूर्य दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सिरोंचा दक्षिणेला असल्यामुळे तिथे हा दिवस चार-पाच दिवस आधी येतो. शाळेला सुट्टी असते खरी, पण गावातली चार मुले गोळा करून अंगणात काठी रोवावी आणि पाहावे. त्या दिवशी माणसाची सावली त्याच्या पायाखाली गोळा होते. म्हणजे ऊन थेट टाळूवर, खांद्यांवर आणि मानेच्या मागे. नवतपा लागतो तोही याच सुमारास, २५ मेच्या आसपास. आपल्या आजोबांना अक्षांश ठाऊक नव्हते, पण दिवस मात्र नेमके ठाऊक होते.

मग आजोबा डोक्याला काय बांधत? मुंडासे, पागोटे, फेटा, आणि गरीब असला तर नुसता पंचा किंवा दुपट्टा. बाईच्या डोक्यावर पदर. आरमोरीकडचा कोसा प्रसिद्धच आहे. येन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे वाढवायचे काम ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले, आणि ज्याला परवडे तो लग्नकार्यात कोशाचा फेटा बांधून मिरवे. पण रानात कामाला सुती कापडच. याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. सुती कापडाच्या अनेक घड्या एकावर एक आल्या, की त्यांच्या मध्ये हवा अडकते, आणि अडकलेली हवा उष्णतेला आत येऊ देत नाही. दुसरे म्हणजे सुती कापड पाणी पिते. आमच्या मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते, की ओला पंचा दोरीवर टाकला तर चहा होईपर्यंत वाळतो. तोच ओला पंचा डोक्याला बांधला, तर पाणी उडून जाताना डोक्यातली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने डोके गार राहते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, असे सांगणारे लोकही आपल्यात आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे, की कांदा खिशात ठेवण्यापेक्षा भाकरीबरोबर खावा आणि पंचा ओला करावा.

आता प्रश्न असा, की काठाची टोपी, म्हणजे इंग्रजीत जिला हॅट म्हणतात ती, आपल्याकडे पूर्वी का रुजली नाही? बांबू तर दारात. कोकणात पावसासाठी बांबूच्या कामट्या आणि पानांचे इरले होते. शेजारच्या छत्तीसगडात गुराखी बांबूची खुमरी घालतो, तिला चांगला रुंद काठ असतो. बंगालचा शेतकरी भाताच्या बांधीत माथाल घालतो, तीही बांबूची आणि पानांची. आमच्या बुरडांची बोटे यांपैकी कुणापेक्षाही कमी नव्हती. सुपे, टोपल्या, ढोल्या, चटया त्यांनी विणल्या, पण टोपीची चाल मात्र पडली नाही.

माझ्या मते याचे मोठे कारण ओझे. आपल्याकडे डोके ही नुसती सावलीत ठेवायची जागा नाही, ती वाहून नेण्याची जागा आहे. मोळी डोक्यावर, पाण्याचा हंडा डोक्यावर, मोहाची टोपली डोक्यावर, तेंदूपानांचा भारा डोक्यावर. त्याखाली चुंबळ लागते, काठाची टोपी नव्हे. कापडाचे मुंडासे हे दोन्ही कामे करते. ऊन अडवते आणि ओझ्याची चुंबळही होते. पुन्हा सोडले तर त्यात शिदोरी बांधता येते, घाम पुसता येतो, विहिरीवर दोर कमी पडला तर तेही भागते. एवढी कामे करणारी वस्तू सोडून माणूस एकच काम करणारी टोपी कशाला घेईल? खुमरी घालणारा गुराखी हातात काठी घेऊन चालतो, हेही लक्षात घ्यावे. त्याचे डोके मोकळे असते.

काठाची टोपी आमच्याकडे आणली ती साहेबाने. १८५४ च्या सुमारास नागपूरचे राज्य इंग्रजांकडे गेले आणि त्याबरोबर चांदा जिल्हाही गेला. मग जमाबंदीचे अधिकारी आले, जंगल खात्याचे आले, आणि त्यांच्या डोक्यावर सोला टोपी आली. पुष्कळांना वाटते, की ‘सोला’ म्हणजे सूर्याचा ‘सोलर’. ते तसे नाही. बंगालच्या पाणथळ जागेत शोला नावाची वनस्पती होते. तिच्या खोडातला गाभा पांढरा, मऊ आणि कापसासारखा हलका असतो. तो कापून, साच्यावर चिकटवून, वरून कापड लावले की साहेबाची टोपी तयार. उन्हात ही टोपी फार चांगली, कारण गाभ्यात हवाच हवा. पावसात मात्र तिचा लगदा होई. हाच शोला बंगाली नवरदेवाच्या मुकुटासाठी वापरतात, त्याला टोपोर म्हणतात. पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून आलेली कुटुंबे मुलचेरा-चामोर्शीकडे आणि चंद्रपूरच्या बंगाली कॅम्पात वसली आहेत. त्यांच्या लग्नात टोपोर पाहायला मिळाला, तर तो हातात घेऊन वजन अजमावून पाहावे. साहेबाची टोपी त्याच जातीची.

साहेबाचा त्या टोपीवर विश्वास मात्र भाबडा होता. सूर्याचे किरण कवटीतून आत शिरून मेंदूला आणि पाठीच्या कण्याला इजा करतात, अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत. म्हणून टोपीच नव्हे, तर पाठीच्या कण्यावर जाड गादीसारखी पट्टीही शिवून घेत. चार्ल्स वुडरफ नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टराने १९०५ साली यावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. पुढे फिलिपिन्समध्ये शेकडो गोऱ्या सैनिकांना तांबूस-नारिंगी रंगाचे आतले कपडे घालायला देऊन पाहिले, की हे किरण अडतात का. अडण्याचे लांबच, फायदा काहीच दिसला नाही. त्याच १९०५ साली जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने, कॉर्नवॉलच्या तप्त खाणींतल्या निरीक्षणांचाही आधार घेऊन, खरी गोष्ट मांडली होती. माणूस उष्णतेने मरतो तो कवटीत किरण शिरल्याने नव्हे, तर घाम वाळेनासा झाला आणि अंगातली उष्णता बाहेर पडेना म्हणून. खाणीत सूर्य नसतो, तरीही तिथे माणसाला उष्माघात होऊ शकतो. आमच्या बल्लारपूर-माजरीच्या कोळसा कामगाराला हे वेगळे सांगायला नको. तरीही सोला टोपीचा मान चाळीस वर्षे टिकला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैनिक मऊ नमद्याच्या टोप्या घालून लढले, तेव्हा कुठे तो समज निकालात निघाला.

याच काळात आपल्याकडे दुसरी टोपी आली, गांधी टोपी. १९२० च्या आसपास ती देशभर पसरली. काका कालेलकरांनी यामागचा गांधीजींचा विचार नोंदवून ठेवला आहे. फेट्याला कापड फार लागते, टोपीला थोडे पुरते, आणि पांढरी टोपी मळली की दिसते म्हणून धुतली जाते. गरीब देशाला हा हिशेब पटण्यासारखाच होता. पण उन्हाच्या दृष्टीने पाहिले, तर आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांनी मुंडासे सोडून टोपी घातली, तेव्हा बारा हात कापडाच्या जागी हातभर कापड उरले. मान उघडी पडली, कान उघडे पडले. स्वातंत्र्याच्या हिशेबात हे काहीच नव्हे. तरी माझे आजोबा सभेला टोपी आणि शेतावर पंचा, असा व्यवहार शेवटपर्यंत पाळत असत.

आता बाजारातल्या गवती टोपीकडे वळतो. जगात या टोप्यांचा मोठा इतिहास आहे. इटलीत गव्हाच्या काडाची वेणी घालून टोप्या करत. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशात ताडासारख्या एका झाडाच्या कोवळ्या पानांच्या तंतूंपासून इतकी बारीक टोपी विणतात, की २०१२ साली युनेस्कोने त्या विणकामाची मानवी वारशात नोंद केली. तिचे नाव मात्र पनामा टोपी. ती पनामामार्गे जगभर विकली जाई, म्हणून नाव पनामाचे पडले; पुढे पनामा कालव्यावर काम करणारे लोक ती घालत, आणि १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट तिथे गेले, त्यामुळे ते नाव आणखी पसरले. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

खरे गवत महाग आणि नाजूक, म्हणून नकली गवत शोधले गेले. जपानात कागदाला पीळ देऊन त्याचे दोरे केले आणि त्यांच्या टोप्या विणल्या. मग लाकडाच्या लगद्यापासून काढलेला व्हिस्कोजचा चकचकीत धागा आला. १९५४ साली इटलीत नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक तयार केले, आणि आज आठवडी बाजारात दोरीला टांगलेल्या बहुतेक ‘गवती’ टोप्या एकतर त्याच्या पट्टीच्या असतात, नाहीतर कागदाच्या. येथे एक योगायोग सांगतो. १९४५ साली बल्लारपूरला जी गिरणी निघाली, तिच्या नावातच ‘स्ट्रॉ बोर्ड’, म्हणजे काडाचा पुठ्ठा होता. पुढे तिने आमच्या जंगलातल्या बांबूचा कागद केला. बांबूचा कागद आम्ही देशाला पुरवला आणि कागदाची टोपी परमुलखातून आणून घातली.

टोपी कशी निवडावी, याबद्दल मी बोलतो तो स्वतः फसलो म्हणून. काही वर्षांपूर्वी एका आठवडी बाजारात मी फिकट पिवळी, छान विणीची टोपी घेतली. विकणाऱ्याने सांगितले, “गुरुजी, दहा वर्षं पाहाचं काम नाही.” पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ती खुंटीवरून काढली, तर काठ बोटांत तुटून आला आणि हाताला पांढरी भुकटी लागली. त्या दिवशी अंगणात युरियाचे रिकामे पोते पडले होते, त्याच्याकडे लक्ष गेले. तेही तसेच चिंध्या झाले होते. तेव्हा उलगडा झाला, की दोन्ही वस्तू एकाच जातीच्या. हे प्लॅस्टिक उष्णतेने वितळत नाही, त्याला दीडशे अंशांच्या वर तापवावे लागते. त्याला खाते ते ऊन. उन्हातले अदृश्य जंबुपार किरण त्याच्या लांब साखळ्या तोडतात आणि ते ठिसूळ होते. ज्या मालात हे किरण सोसण्याचे औषध कारखान्यातच मिसळलेले असते तो टिकतो, नसते तो दोन उन्हाळ्यांत संपतो. उन्हासाठी घेतलेली टोपी उन्हानेच मरावी, यापेक्षा वाईट सौदा नाही.

औषध आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, पण चिठ्ठीवर ‘यूव्ही’ असे लिहिलेले असते, ते वाचून घ्यावे. मग टोपीचा काठ हळूच दुमडून सोडावा. चांगली पट्टी परत जागेवर येते, जुना माल पांढरी रेघ दाखवतो किंवा कुरकुरतो. दुकानाबाहेर महिनोन्‌महिने उन्हात टांगलेली टोपी तर घेऊच नये, तिचे अर्धे आयुष्य तिथेच गेलेले असते. कागदाची आहे का हे ओळखायला ओले बोट काठाच्या आतल्या बाजूला घासावे. कागद मऊ पडतो. कागदाची टोपी वाईट नसते, हलकी आणि गार असते, पण घाम आणि वळवाचा पाऊस तिला मानवत नाही. टोपी उजेडासमोर धरून पाहावी. जितके ठिपके दिसतील तितके ऊन आत येणार. वीण घट्ट हवी, आणि वारा जायला माथ्याच्या बाजूला थोडी जाळी असली तर उत्तम. ज्या टोपीत पट्टीची वेणी गोल गोल फिरवून शिवलेली असते, तिची शिवण आधी पाहावी. पट्टी राहते आणि दोरा जातो, हा नेहमीचा अनुभव.

काठ चार बोटे तरी असावा. ऑस्ट्रेलियात कातडीच्या कर्करोगाचा त्रास फार, म्हणून तिकडे याचा विचारही फार झाला. ते मोठ्या माणसाला किमान साडेसात सेंटिमीटर काठ सांगतात, आणि तिथल्या कितीतरी शाळांत टोपी नसेल त्या मुलाला उघड्यावर खेळू देत नाहीत. आपल्या शाळांनी हा नियम उचलायला हरकत नाही, टोपीऐवजी रुमाल चालेल. टोपी वरून फिकट रंगाची असावी. काठाची खालची बाजू गडद असली तर जमिनीवरून परतणारी चमक डोळ्यांना लागत नाही. टोपीचा माथा आणि आपले डोके यांत बोटभर जागा राहावी, आणि आतली घामाची पट्टी सुती असावी. प्लॅस्टिक पाणी पीत नाही, हा त्याचा गुण आणि तोच दोष. म्हणून टोपीखाली ओला पंचा घ्यावा, त्याचे टोक मानेवर सोडावे. सकाळी आणि चारनंतर सूर्य तिरपा असतो, तेव्हा काठ कितीही मोठा असला तरी मान झाकली जात नाही, ती पंचाच झाकतो.

एक इशारा मात्र रानात जाणाऱ्यांसाठी दिलाच पाहिजे. फार मोठा, खाली झुकलेला काठ आणि कानांवरून घट्ट बांधलेले कापड यांनी बाजूचे दिसत नाही आणि मागचे ऐकू येत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायांचा एकाच दिवशी वाघाने जीव घेतला. टोपीचा त्याच्याशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण वाकून पाने तोडणाऱ्या माणसाचे डोळे आणि कान मोकळे हवेत. रानात काठ आखूड घ्यावा, कान उघडे ठेवावेत, जोडीने जावे आणि ऊन चढायच्या आत परत फिरावे.

टोपीवर फार भरवसाही नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोठ्या सोहळ्यात लोक तासन्‌तास उन्हात बसले आणि १४ जण दगावले. त्या दिवशी तिथला पारा ३८ च्या आसपास होता, आमच्याकडे ज्याला कुणी ऊन म्हणणार नाही. पण समुद्राकाठची हवा दमट, तिथे घाम वाळत नाही. हाल्डेनने सांगितले होते ते हेच. चक्कर आली, घाम थांबला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर टोपी-पंचाचा विचार सोडून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

बांबूच्या टोपीचे काय, असे कुणी विचारील. १९२७ च्या कायद्याने बांबूला झाड ठरवले होते, त्यामुळे बुरडाला तोडीचा हक्क मागत फिरावे लागे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१७ साली जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. चिचपल्लीला बांबूचे शिक्षण देणारे केंद्रही आहे. म्हणजे आता वाट मोकळी आहे. गेल्या फाल्गुनात मी ओळखीच्या एका बुरूड बाबांकडे गेलो आणि म्हटले, “बाबा, मला बांबूची टोपी विणून द्या.”

ते हसले. म्हणाले, “गुरुजी, टोपली पायजे का टोपी?”

“टोपी. काठाची.”

“मंग ओझं कायच्यावर नेसान?”

मी म्हटले, मला ओझे न्यायचे नाही. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि डोक्याचे माप घेतले. आठ दिवसांनी टोपी तयार झाली. कामट्या पातळ तासलेल्या, वीण अशी की उजेडासमोर धरली तर चारच ठिपके दिसावेत. घुण लागू नये म्हणून बांबू आधी पाण्यात मुरवून घेतला होता. माझ्यासाठी एक आणि हौसेने स्वतःसाठी एक, अशा दोन केल्या होत्या. मी पैसे देत होतो, तेवढ्यात त्यांच्या सुनेने हाक मारली. बाबा टोपी घालून अंगणात गेले, बांबूच्या भाऱ्याजवळ थांबले, टोपी काढून कुंपणाच्या काटीला अडकवली, खांद्यावरचा पंचा गुंडाळून डोक्यावर ठेवला आणि भारा उचलला.